बंड्याची फेरी वेगळी, बाजाराची फेरी वेगळी

पत्र

मी तारकर्लीत राहते. घरगुती खानावळ आहे, त्यामुळे आठवड्यातून तीन-चारदा मालवणच्या बाजारात सायकलने जावं लागतं. बंड्या आमचा पॉमेरेनियन, सात वर्षांचा, साडेसहा किलोचा. घरी ठेवला की मी परत येईपर्यंत रडतो. एकदा सुटला आणि सायकलच्या मागे थेट वायरीपर्यंत धावत आला. म्हणून त्याला पुढच्या बास्केटमध्ये बसवायला लागले. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी आणि साखळी बास्केटला. मजेत बसतो. गेल्या आठवड्यात बाजारात सायकल साइड स्टँडवर लावून भाजीचे पैसे देत होते, तेवढ्यात सायकल कलंडून शेजारच्या हातगाडीवर टेकली आणि बंड्या बास्केटबाहेर पट्ट्याला लटकला. एका मुलाने लगेच उचलला म्हणून वाचला. बाहेरून कुठे लागलेलं नाही, पण तेव्हापासून मधूनमधून खोकतो. जाऊबाई म्हणतात, "कुत्रो काय सायकलीर बसवची वस्तू आसा?" मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो पाठीवर लावायची कुत्र्याची बॅग मिळते, ती पाठवतो. मला त्याला सोबत न्यायचंच आहे, पण असं पुन्हा होता कामा नये. काय करू?

— एक वाचक, तारकर्ली

उत्तर

ताई,

सायकलचं नंतर बोलू, आधी तो खोकला. लहान चणीचा, सात वर्षांचा कुत्रा गळ्यातल्या पट्ट्याला लटकला आणि त्यानंतर खोकू लागला, तर "बघू दोन दिवस" म्हणून थांबायचं नसतं. पॉमेरेनियन आणि त्याच्यासारख्या छोट्या जातींमध्ये श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या वयाबरोबर ढिल्या पडण्याची खोड असते. नळी चपटी होते आणि बदक ओरडल्यासारखा कोरडा, कर्कश खोकला येतो. बंड्याला हा त्रास आधीपासून थोडासा असेल आणि त्या झटक्याने तो वर आला असेल, असंही शक्य आहे. या वयात लहान कुत्र्यांच्या हृदयाची झडप गळायला लागली तरी खोकला सुरू होतो. तेव्हा कानाने ऐकून आपण निदान करू नये. तुमच्याकडे सगळे ज्याला गुरांचा दवाखाना म्हणतात, तिथल्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे लागणार असेल तर कुठे जायचं तेही त्यांच्याकडूनच कळेल. जाण्याआधी एक करा. तो खोकत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. कुत्रा दवाखान्याच्या टेबलावर चढला की हमखास खोकायचा थांबतो आणि डॉक्टरांना काही ऐकूच येत नाही.

हिरड्या किंवा जीभ निळसर दिसली, श्वास घेताना घरघर झाली, आडवं पडता येईना म्हणून तो रात्रभर बसून राहिला, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी न्या. तोवर सायकल बंद, गळ्यातला पट्टाही बंद. फिरायला नेताना छातीवरून घालायचा हार्नेस घाला. खरं तर पट्ट्याला आता कायमचीच रजा द्या. तुमचा फोन नंबर लिहिलेली चकती लटकवण्यापुरता एक हलका, सैल पट्टा राहू दे, पण दोरी किंवा साखळी त्याला पुन्हा कधी अडकवू नका.

(जाता जाता: साडेसहा किलोचा म्हणजे तुमचा बंड्या बहुधा इंडियन स्पिट्झ असावा. खरा पॉमेरेनियन साधारण तीन किलोच्या पुढे जात नाही. आपल्याकडे दोघांना सर्रास एकच नाव चालतं. वाईट वाटून घेऊ नका, आपल्या हवेत स्पिट्झच अधिक काटक ठरतो.)

आता जाऊबाईंचा प्रश्न. माझं मत, कुत्रा सायकलवर बसवावा. बसायची आवड असलेला, वजनाने हलका, तब्येतीने ठीक असलेला कुत्रा खुशाल बसवावा. सायकलच्या मागे तापलेल्या डांबरावरून वायरीपर्यंत धावण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. मात्र तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे, जी तुम्ही ओघात लिहून गेलात आणि माझ्या दृष्टीने सगळं तिथेच आहे. सायकल पडली तेव्हा ती चालत नव्हती, उभी होती.

सायकल चालत असताना तुमचे दोन्ही हात हँडलवर असतात, लक्ष रस्त्यावर असतं आणि वेग सायकलला सरळ ठेवतो. ती थांबली की हे तिन्ही आधार एकदम जातात. साइड स्टँड म्हणजे एका बाजूला कललेली सायकल, आणि तिच्या पुढच्या चाकावर साडेसहा किलोचा असा जीव, जो मासळीचा वास आला की उजवीकडे वळतो आणि मांजर दिसली की डावीकडे. हँडलला बास्केट लावलेली असली की ती हँडलबरोबर फिरते. कुत्रा हलला की हँडल वळतं, हँडल वळलं की सायकल स्टँडवरून निसटते. तुम्ही लक्ष दिलं नाही म्हणून ती पडली असं मनात आणू नका. तशी लावलेली सायकल आज ना उद्या पडणारच होती.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. बंड्याची फेरी आणि बाजाराची फेरी वेगळी करा. उभ्या सायकलवर कुत्रा एक मिनिटही एकटा नको, मग स्टँड कितीही चांगला असो. आणि बाजारात तर तुम्हाला दर पाच मिनिटांनी सायकल उभी करायची असते. कोथिंबीर निवडायची, पैसे मोजायचे, सुट्ट्यासाठी वाद घालायचा आणि कुत्राही सांभाळायचा, हे एका माणसाचं काम नाही. शिवाय मासळी बाजार आणि चिकनच्या दुकानांभोवती मोकळी कुत्री असतातच. त्यांच्या हद्दीत बांधलेल्या कुत्र्याला पळायला जागा नसते.

मग घरी रडतो त्याचं काय? हा प्रश्न सायकलने सुटणार नाही, घरातच सोडवावा लागेल. बरं हे की दोन्ही गोष्टी एकमेकींना मदत करतात. सकाळी साडेसहाच्या सुमाराला बंड्याला घेऊन तारकर्लीहून देवबागच्या दिशेने एक फेरी मारा. मध्ये उतरवा, हुंगू दे, पाय मोकळे करू दे. घरी आल्यावर पाणी द्या, खायला द्या. कुत्रा पोटभर हुंगून आला की त्याचं डोकं थकतं, पायांचं काय घेऊन बसलात. नऊला तुम्ही बाजाराला निघाल तेव्हा तो झोपेच्या तयारीत असेल. त्या वेळी जाड रबरी खेळण्यात थोडा दहीभात भरून द्या. चाटून संपवेपर्यंत अर्धा तास जातो. ते खेळणं एरवी हाताला लागू देऊ नका, तुम्ही बाहेर जातानाच मिळालं पाहिजे.

सुरुवातीला बाहेर जाण्याचा निव्वळ देखावा करा. पिशवी उचला, चप्पल घाला, फाटकापर्यंत जा आणि परत या. मग दोन मिनिटं, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं. तो रडायला लागायच्या आत परत येणं ही यातली खरी मेख आहे. रडताना आलात तर रडलं की बाई येते हे तो पक्कं शिकतो. जाताना "येते हां बाळा" वगैरे निरोपही नकोत, आल्यावर फार लाडही नकोत. आणि खानावळीत आलेल्या पाहुण्यांना बजावून ठेवा की माशाचे काटे त्याला घालू नयेत. घशात आधीच दुखणं आहे, त्यात सुरमईचा काटा नको.

आता सायकलकडे येऊ. तुमची सायकल लेडीज असेल तर या कामाला उत्तम. मधला दांडा खाली असल्याने मागे कुत्रा बसलेला असताना पाय वरून फिरवावा लागत नाही. बंड्याची जागा मात्र बदला. हँडलला लटकणाऱ्या बहुतेक बास्केट पाचेक किलोपर्यंतच्या वजनासाठी असतात, त्याही कुत्र्यासाठी नव्हे, पिशवीसाठी. चार किलोच्या आतला कुत्रा आणि चाकाच्या आसापर्यंत सळ्यांचा आधार दिलेली घट्ट बास्केट असेल तर पुढे बसवायला माझी हरकत नाही. समोर दिसतो हा मोठाच फायदा. पण बंड्या साडेसहा किलोचा आहे आणि झोके घेणारा आहे. तो मागे कॅरिअरवर जाऊ दे. लोखंडी कॅरिअर हे वजन सहज पेलतं आणि मागचं वजन हँडलला ओढत नाही.

त्यासाठी महागडं काही आणू नका. आंब्याचा प्लॅस्टिकचा क्रेट घ्या, तुमच्याकडे घरोघरी एखादा पडलेला असतोच. बाजूने जाळीचा असल्याने हवा खेळते, पाणी साचत नाही, धुवायला सोपा. उंची बघून घ्या. बंड्या बसला की कड त्याच्या छातीपर्यंत यावी, आडवा झाला की तो पूर्ण आत जावा आणि त्याला जागच्या जागी वळता यावं. उथळ क्रेटमधून तो सहज बाहेर पडेल. क्रेट लांबीने लावा, आडवा लावलात तर देवबागच्या अरुंद रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांना घासेल. आणि जितका सीटच्या जवळ आणता येईल तितका आणा. वजन मागच्या चाकाच्या आसाच्या मागे गेलं की चढावर पुढचं चाक उचलल्यासारखं हलकं होतं.

बांधणी हा भाग सायकलवाल्यावर किंवा फॅब्रिकेशनवाल्यावर सोडा, पण उभं राहून करून घ्या. कॅरिअरचा स्प्रिंगचा चिमटा काढायचा. क्रेटच्या तळात आतून एक जाड पट्टी किंवा प्लायचा तुकडा, कॅरिअरच्या खालून दुसरी पट्टी, आणि मध्ये चार बोल्ट. नुसत्या प्लॅस्टिकला भोक पाडून बोल्ट घातला तर खड्ड्यांनी ते भोक मोठं होत जातं. नट नायलॉकचे घ्या, म्हणजे हादऱ्याने सुटत नाहीत. सुतळी, रबरी दोरी, प्लॅस्टिकचे टाय यांवर क्रेट सोडू नका. प्लॅस्टिकचे टाय उन्हाने ठिसूळ होतात आणि तुटताना आधी सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी घाटावरच्या वाचकांना जाणवणार नाही. तुमच्याकडची हवा लोखंड खाते. साधा बोल्ट पावसाळ्यानंतर गंजून दुसऱ्याच आकाराचा होतो. बोल्ट, कड्या, हुक सगळं स्टेनलेस स्टीलचं घ्या, आणि ते सायकलच्या दुकानात शोधत बसू नका. ट्रॉलरचं सामान विकणाऱ्या दुकानात जा. समुद्राच्या पाण्यात टिकणाऱ्या कड्या, शॅकल, पट्टे मालवणात त्यांच्याइतके चांगले दुसरीकडे मिळणार नाहीत. महिन्यातून एकदा पाना घेऊन चारही नट तपासा.

तळाला प्लाय टाकलात की क्रेटच्या भोकांत नखं अडकायची नाहीत. त्यावर रबरी मॅट, त्यावर जुन्या योगा मॅटचा तुकडा, वर सुती चादर. पाय घसरला की कुत्रा घाबरतो आणि घाबरलेला कुत्रा उडी मारतो, एवढं लक्षात ठेवून तळ करा. साडी गार्ड काढून टाकलं असेल तर परत बसवा. साडीपेक्षा त्याची गरज आता बंड्याच्या पायाला आणि शेपटीला आहे. हँडलला एक छोटा आरसा लावा. मागे काय चाललंय ते वळून बघायला गेलात तर सायकलही त्याच बाजूला जाते. आणि साइड स्टँड काढून मागचं चाक उचलणारा डबल स्टँड बसवा. त्यावर सायकल सरळ उभी राहते. तरीही बंड्याला त्यावर ठेवून कुठे जायचं नाही, हे वर म्हटलंच आहे. आधी सायकल स्टँडवर, मग कुत्रा आत. उतरताना आधी कुत्रा खाली, मग बाकी सगळं. आणि उतरवताना उचलूनच उतरवा. या जातीत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास पुष्कळ, त्यामुळे तेवढ्या उंचीवरून उडी नको.

आता दोरी. तुमच्या बंड्याचा जीव धोक्यात आला तो साखळीमुळे, म्हणून यावर जरा थांबतो. दोरीचं काम कुत्र्याला पडू न देणं हे नाहीच, ते काम क्रेटच्या उंचीचं. दोरीचं काम एवढंच की त्याच्या मनात बाहेर पडायचा विचार आला तर तो पहिल्याच हालचालीत अडावा. कडेवरून अर्धा बाहेर आल्यावर अडला, तर लटकणार. म्हणून लांबी हेच सगळं. हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला दोन आखूड पट्टे लावा, एक क्रेटच्या डाव्या बाजूला तळाजवळ, दुसरा उजव्या बाजूला. एकच पट्टा असेल तर ज्या बाजूला तो बांधलाय त्या बाजूने कुत्रा बाहेर पडू शकतो. दोन असले की मध्येच राहतो. बांधल्यावर त्याला उभं राहता, बसता, आडवं होता आलं पाहिजे. मग कोणाला तरी सायकल धरायला सांगा आणि क्रेटच्या बाहेर, हातभर अंतरावर बिस्कीट दाखवा. मान बाहेर आली तर ठीक. पुढच्या पायांची कोपरं कडेवर आली तर पट्टा लांब आहे, कमी करा. चारही बाजूंनी हे करून बघा. बिस्कीट शेवटी द्या, नाहीतर पुढच्या वेळी तो तुम्हाला ओळखून असेल.

पट्ट्याचं दुसरं टोक क्रेटच्या प्लॅस्टिकला नव्हे, खालच्या पट्टीच्या बोल्टला जाऊ दे. हुक असा हवा की एका हाताने, घाईत, न बघता सुटेल. गाठी नकोत. खाऱ्या ओलाव्यात फुगलेली गाठ नेमकी हवी तेव्हा सुटत नाही. आणि दोरी स्वतःच्या मनगटाला, कमरेला किंवा हँडलला गुंडाळायची नाही, कधीच.

हे सगळं झाल्यावर लगेच निघू नका. क्रेट सायकलवर चढवायच्या आधी चार-पाच दिवस पडवीत जमिनीवर ठेवा आणि बंड्याचं जेवण त्यात द्या. आपणहून आत जाऊन बसायला लागला की मग सायकलवर. आधी उभी सायकल, कोणीतरी धरलेली. मग सायकल हाताने ढकलत अंगणात. मग गल्लीत. मग पाच मिनिटं चालवून. बंड्याला बास्केटची सवय आहे म्हणून हे टाळावंसं वाटेल, पण तो नुकताच एकदा लटकला आहे. माणूस सांगतो, कुत्रा सांगत नाही, पण दाखवतो. कान मागे, ओठ चाटणं, सारख्या जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, थंडीतही धापा टाकणं, लाळ गळणं. यातलं काही दिसलं की त्या दिवशीचं तिथेच थांबवायचं आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागून सुरू करायचं. महिनाभरानेही तो क्रेट बघून पडवीच्या कोपऱ्यात जाऊन बसत असेल, तर त्याला सायकल नको आहे. मग जबरदस्ती करू नये. आपल्याकडे 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे. विनाकारण यातना होतील अशा रीतीने प्राण्याला वाहनातून नेणं हा त्यात गुन्हा धरलेला आहे. तुमच्यावर काही कोणी खटला भरणार नाही, पण गोणीत कुत्रं कोंबून कॅरिअरला बांधणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला ऐकवायला उपयोगी पडेल.

जेवण दिल्यावर निदान दोन तास सायकल नको. वेग धावणाऱ्या माणसाला गाठता येईल इतकाच. गतिरोधक आला की उतरून ढकला, साडेसहा किलोचा कुत्रा मागच्या चाकावर बसलेला असताना आपल्याला न जाणवणारा धक्काही त्याच्या पाठीला जाणवतो. हेल्मेट तुम्ही घाला. लोक हसतील, हसू देत.

आता उकाडा, कारण सायकलवरून पडून नव्हे, उष्माघाताने जास्त कुत्री जातील अशी भीती मला आपल्या किनाऱ्यावर वाटते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातल्या ओलाव्याची वाफ होऊन अंग थंड होतं. हवेतच दमटपणा भरलेला असेल तर ती वाफ नीट होत नाही. म्हणून पुण्याला ३५ अंशांत जो कुत्रा बरा असतो, तो मालवणला ३२ अंशांत गळून जातो. मुलाने पाहिलेल्या परदेशी व्हिडिओंमधली तापमानं तुमच्या उपयोगाची नाहीत. त्यात चालत्या सायकलचा वारा फसवतो. तुम्हाला गार वाटतं, बंड्या मात्र लोकरीचा कोट घालून उन्हात बसलेला असतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी नऊपर्यंत निर्धास्त फिरा. मार्चपासून आठच्या आत घरी. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात साडेसात ही शेवटची वेळ समजा, आणि रात्रभर वारा पडलेला असेल तर तेवढंही नको. जून ते सप्टेंबर सुट्टी. ओले ब्रेक, शेवाळलेले रस्ते, पाण्याखालचे खड्डे, आणि त्यावर भिजलेला कुत्रा. पावसाळ्यात साचलेलं पाणी त्याला पिऊ देऊ नका, त्यात पायही नको. सिंधुदुर्गात लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा धोका माणसांना आहे तसाच कुत्र्यांनाही आहे. त्याची लस रेबीजच्या लसीबरोबर दरवर्षी द्यायची असते. पावसाळ्यात आणि नंतर गोचीडही वाढतात. फिरून आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या मध्ये आणि हार्नेसच्या खाली हात फिरवून बघा.

बाटलीभर पाणी आणि वाटी कायम बरोबर हवी. सावलीसाठी छत्री बांधू नका, दुपारचे खारे वारे तिच्यात भरले की सायकल तुमच्या हातात राहणार नाही. क्रेटच्या अर्ध्या भागावर पांढरं सुती कापड ताणून बसवलं की पुरे, अर्धा भाग उघडा. उकडतं म्हणून त्याचे केस भादरून टाकू नका. स्पिट्झचा दुहेरी कोट ऊनही अडवतो. विंचरून सुटे केस काढले की हवा लागते. रस्त्यावर उतरवण्याआधी हाताची पालथी बाजू सात सेकंद डांबरावर ठेवून बघा. तुम्हाला ठेववली नाही तर त्यालाही ठेववणार नाही.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून आपल्या हाताला तो गरमच लागतो. १०४ च्या वर गेला तर धोका सुरू झाला. पण रस्त्यात थर्मामीटर कोण काढतो? लक्षणं बघा. थांबतच नाही अशी धाप, गडद लाल हिरड्या, घट्ट चिकट लाळ, झोकांडी, उलटी. असं झालं तर सावलीत न्या, हार्नेस काढा, पोट, काखा, जांघा, पाय यांवर नळाचं किंवा विहिरीचं पाणी ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, थोड्याच वेळात तो गरम होऊन आतली उष्णता कोंडतो. आधी थंड करा, मग रिक्षा बोलवा. बरा वाटला तरी डॉक्टरांना दाखवा, आतल्या अवयवांचं नुकसान दोन-तीन दिवसांनीही दिसतं.

वाडीवाडीतली कुत्री हा तुमच्या रस्त्यावरचा दुसरा प्रश्न. ती मागे लागली की पॅडल जोरात मारावंसं वाटतं. मारू नका. पळणाऱ्या सायकलच्या मागे कुत्री लागतातच, आणि मागे बंड्या भुंकत उभा राहिला की तोल जातो. लांबूनच दिसली तर वेग कमी करा, उतरा, सायकल तुमच्या आणि त्यांच्या मध्ये धरा आणि न बघितल्यासारखं करून चालत पुढे व्हा. बंड्याला क्रेटमधून काढून कडेवर घेऊ नका. त्याच्यासाठी मारलेल्या उडीचा दात तुमच्या हाताला लागेल. तसं झालंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला सरकारी दवाखान्यात जायचं, बंड्याला लस दिलेली असली तरी. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या वाड्यांत राहणाऱ्या वाचकांनी फटफटायच्या आधी आणि दिवेलागणीनंतर छोट्या कुत्र्याला बाहेर काढूच नये. बिबट्याला तो फार सोयीचा पडतो.

शनिवार-रविवार आणि नाताळच्या आठवड्यात देवबागचा रस्ता पर्यटकांना देऊन टाका. त्या दिवशी घराभोवती चालत फिरा.

किनाऱ्यावर गेलात तर सायकल रस्त्यावरच ठेवा, भुसभुशीत वाळूत ती ढकलणंही शिक्षा आहे. बंड्याला दोरी हवी. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या जागी टाकून दिलेल्या मासळीत केंड असतो. फुगणारा तो मासा इतका विषारी असतो की कुत्र्याने थोडा खाल्ला तरी वाचणं कठीण. गळही वाळूत पडलेले असतात. खारं पाणी प्यायला तर उलट्या-जुलाब ठरलेले, म्हणून वाटीत गोडं पाणी आधी पाजा. आणि हिवाळ्यात, कासवांच्या विणीच्या दिवसांत, तो वाळू उकरायला लागला तर लगेच ओढून घ्या.

राहिली मुलाची बॅग. त्याचं प्रेम कळतं, पण नको म्हणून सांगा. तुमच्या पाठीची ऊब आणि त्याच्या पोटाची ऊब एकत्र होते, वारा लागत नाही, सात किलो खांद्यावर आल्याने तोल वर जातो, आणि तुम्ही पडलात तर बंड्या तुमच्याखाली येतो. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगला हार्नेस घेऊन दे म्हणावं. तो ऑनलाइन मागवताना छातीचा घेर मापून कळवा, पुढच्या पायांच्या लगेच मागे टेप धरून. दोन बोटं आत जातील इतका सैल असावा, त्याहून जास्त नाही. मागे सरकून त्यातून सुटणारी कुत्री पुष्कळ आहेत.

डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. खोकला थांबल्यावर आणि क्रेट बसवून झाल्यावर एक फोटो बाजूने आणि एक खालून काढून पाठवा, चारही बोल्ट दिसतील असा. बंड्या फोटोत नसला तरी चालेल.